जुनं फर्निचर घरीच दुरुस्त करताना, रंगवताना आणि नव्या कामाला लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या फर्निचरबद्दल पहिला प्रश्न बहुतेक वेळा रंगाचा असतो: कोणता घ्यावा, किती हात द्यावेत, चकचकीत की मॅट. पण रंगाची पाळी शेवटी येते. आधी सांधे, मग पृष्ठभाग, मग रंग, हा क्रम मोडला की काम टिकत नाही. दुसरी गोष्ट मला तितकीच महत्त्वाची वाटते. आज केलेली दुरुस्ती उद्या कुणाला तरी पुन्हा उघडावी लागणार आहे. तेव्हा ती उघडता येईल अशीच करावी. खालच्या बऱ्याच उत्तरांमागे हेच दोन विचार आहेत.

एखादी वस्तू दुरुस्त करण्याजोगी आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

हलवून बघा. खुर्ची असेल तर पाठ आणि बैठक धरून तिरकी दाबा, टेबल असेल तर एका कोपऱ्यातून ढकला, कपाट असेल तर दारं उघडून आत वाकून मागची फळी बघा. मग उलटी करा. खालच्या बाजूला रंग-पॉलिश सहसा पोचलेलं नसतं, त्यामुळे खरं लाकूड, जुने सांधे, आधीच्या दुरुस्त्या, कीड, सगळं तिथे दिसतं. सुटलेले सांधे, उडालेलं पॉलिश, गायब झालेली मूठ किंवा फाटलेलं कापड पाहून घाबरू नका. ही सगळी घरी होणारी कामं आहेत. पायाचं लाकूड आतून पोकळ झालं असेल, बोटाने दाबल्यावर भुगा होत असेल किंवा मुख्य खांबच लाकडाच्या रेषेला (तंतूंच्या दिशेला) आडवा तुटला असेल, तर मात्र दुरुस्तीचं काम मोठं आहे. तिथे अनुभवी सुताराला दाखवलेलं बरं.

जी वस्तू सुटी होते, ती जगते. फर्निचर बनवणारे मिखाएल थोनेट यांची १४ नंबरची खुर्ची १८५९ साली आली. वाकवलेल्या लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढ्यावर ती उभी राहते. सुटे भाग केले की एक घनमीटरच्या पेटीत अशा छत्तीस खुर्च्या मावत. एखादा भाग मोडला तर तेवढाच बदलायचा. तुमच्या हातातली वस्तू अशी सुटी होते का, हे आधी बघा. होत असेल तर निम्मं काम सोपं झालं.

लाकूड भरीव आहे, प्लायवूड आहे की पार्टिकल बोर्ड, हे कळायला काही खूण?

कड बघा. भरीव लाकडात वरच्या पृष्ठभागावरची रेषा कडेवर वळून पुढे जाते. प्लायवूडच्या कडेला पातळ थर एकावर एक दिसतात. पार्टिकल बोर्डाच्या कडेला दाबून बसवलेला भुसा दिसतो आणि एमडीएफची (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीची) कड एकसारखी, पुठ्ठ्यासारखी असते. कडेवर पट्टी चिकटवलेली असेल तर बिजागरीचा एखादा स्क्रू काढून भोकात डोकवा.

हे आधी कळायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. भरीव लाकूड कितीही वेळा घासता येतं. व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पापुद्रा, अनेकदा अर्ध्या मिलिमीटरचाही नसतो. त्यावर घासायचं यंत्र फिरवलं तर तो क्षणात फाटून खालचं लाकूड दिसायला लागतं. पार्टिकल बोर्ड पाण्याने फुगला की परत बसत नाही. फुगलेला भाग कापून टाकायचा किंवा फळीच बदलायची, तिसरा उपाय नाही.

वस्तू फार जुनी आणि मौल्यवान असेल तर?

तर घाई नको. खूप जुन्या वस्तूचं मूळ पॉलिश हा तिच्या मोलाचाच भाग असतो. ते एकदा खरवडून काढलं की परत आणता येत नाही. वयाचा अंदाज घ्यायला स्क्रू उपयोगी पडतात. अधिकच्या चिन्हाची खाच असलेल्या स्क्रूची पेटंटं हेन्री फिलिप्स यांना १९३६ साली मिळाली आणि तो त्यानंतर सर्वत्र पसरला. सगळीकडे एकेरी खाचेचेच स्क्रू असतील तर वस्तू त्याआधीची असू शकते. पण एकेरी खाचेचे स्क्रू नंतरही बनत राहिले, म्हणून केवळ त्यावरून निष्कर्ष काढू नका. शंका असेल तोवर मऊ कापडाने पुसणं, सैल भाग जपून ठेवणं आणि जाणकाराला दाखवणं, एवढंच करा.

खुर्ची डुगडुगते. सांध्यावर एक खिळा ठोकला तर चालेल?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लाकडी खुर्चीच्या बहुतेक सांध्यांत एका लाकडाचं बारीक केलेलं टोक दुसऱ्या लाकडाच्या भोकात बसवून गोंदाने पक्कं केलेलं असतं. खुर्ची डुगडुगते तेव्हा लाकूड मोडलेलं नसतं, गोंद सुटलेला असतो. खिळा ठोकल्यावर गोंद परत येत नाही. खिळा त्या टोकाच्या मधून जातो, प्रत्येक वेळी बसताना भोक रुंद करत राहतो आणि शेवटी लाकूड चिरतो. ज्या खुर्चीला नुसता गोंद पुरला असता, तिला मग पाय बदलावा लागतो.

खुर्ची उलटी करा आणि प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावून त्यावर जुळते आकडे लिहा. समोरून सारखे दिसणारे दोन पाय खरं तर एकमेकांच्या जागी बसत नाहीत. सैल सांधे हाताने हलवत सोडवा. सुटत नसतील तर मध्ये लाकडाचा तुकडा धरून रबरी हातोडीने हलके ठोके द्या. ठोकायच्या आधी सांध्यात लपलेला खिळा किंवा लाकडी खुंटी नाही ना, हे बघून घ्या. जो सांधा अजून घट्ट आहे त्याला हात लावू नका.

मग जुना गोंद काढायचा. इथे कंटाळा केला तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, कारण नवा गोंद लाकडाला धरतो, जुन्या वाळलेल्या गोंदाच्या थराला नाही. टोकावरचा गोंद पटाशीच्या कडेने किंवा कानशीने खरवडा, पण लाकूड कमी होऊ देऊ नका. भोकातला गोंद बारीक पटाशीने काढा. पांढरा गोंद असेल तर कोमट व्हिनेगरने तो मऊ पडतो. स्वच्छ झालं की गोंद न लावता सगळं एकदा जोडून बघा. टोक भोकात सहज सरकून हलायला लागलं, तर रंध्यातून निघालेली पातळ ढलपी गोंदाने टोकाभोवती चिकटवा, वाळू द्या आणि हळूहळू घासत नेमकी जाडी साधा. सांधा हाताच्या जोराने बसावा, हातोडी मारावी लागू नये.

आता दोन्ही बाजूंना गोंदाचा पातळ थर द्या, जोडा आणि शिकंजे (दाबून धरणारे क्लॅम्प) आवळा. आवळतानाच खुर्ची सपाट जमिनीवर उभी करून चारही पाय टेकतात का बघा. बैठकीच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. बाहेर आलेला गोंद ओल्या कापडाने लगेच पुसा, नाहीतर पुढे पॉलिश करताना तिथे फिकट डाग पडतो. चोवीस तास कुणालाही बसू देऊ नका.

कोणता गोंद घ्यावा?

घरातल्या नेहमीच्या खुर्ची-टेबलाला पांढरा गोंद पुरेसा आहे, बरेचजण ज्याला सरसकट फेव्हिकॉल म्हणतात तो. नीट बसलेल्या सांध्यात तो लाकडाइतकाच मजबूत धरतो. पाण्याशी संबंध येणार असेल तर पाणी सहन करणारा प्रकार घ्या. सांध्यात पोकळी असेल तर दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी घ्यावा लागतो, कारण पांढरा गोंद पोकळी भरून काढू शकत नाही.

जुन्या, हाताने बनवलेल्या वस्तूला मात्र मी सरसच सुचवतो. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनवलेला हा गोंद सुमारे ६० अंश सेल्सिअसला गरम करून लावतात. उष्णता आणि ओलावा दिला की तो पुन्हा सुटतो आणि नवा सरस जुन्या सरसाला धरतो. म्हणजे पन्नास वर्षांनी कुणाला तो सांधा उघडायचा असेल तर लाकूड न मोडता उघडता येईल. इपॉक्सीने जोडलेला सांधा असा उघडत नाही. झटपट चिकटणारा गोंद उडालेल्या छोट्या ढलपीपुरता ठीक आहे, बसण्याचं वजन पेलणाऱ्या सांध्याला नको.

शिकंजे नाहीत. काय करू?

जाड सुती दोरी खुर्चीच्या चारही पायांभोवती दोन वेढे घालून बांधा, वेढ्यांच्या मध्ये काठी घाला आणि पिळत जा. पुरेसा ताण आला की काठी एखाद्या आडव्या पट्टीला अडकवा. सायकलची जुनी ट्यूब ताणून गुंडाळली तरी चांगला दाब येतो, आणि वाकड्यातिकड्या भागांवर ती दोरीपेक्षा बरी. दोरीखाली पुठ्ठा घाला म्हणजे लाकडाला वळ पडत नाहीत.

स्क्रू नुसताच फिरत राहतो, धरत नाही.

भोक मोठं झालंय. आगकाडीच्या गुल नसलेल्या काड्या गोंदात बुडवून भोकात ठासून भरा, वाळू द्या, वरचा भाग कापा आणि तोच स्क्रू परत लावा. आणखी जाड स्क्रू घालण्याचा मोह टाळा, विशेषतः पार्टिकल बोर्डात. तो फुटतो.

ड्रॉवर अडकतो किंवा पूर्ण आत जात नाही.

आधी काढून बघा, मागे काहीतरी पडलेलं असतं. तसं नसेल तर दोन शक्यता. दमट हवेत लाकूड फुगून अडकत असेल तर जिथे घासल्याची चमक दिसते तिथेच १८० नंबरचा पॉलिश पेपर मारा आणि साधी मेणबत्ती चोळा. तेल लावू नका, त्यात धूळ बसते आणि ते लाकडात मुरतं. कोरड्या हवेत लाकूड परत आकसतं, म्हणून ऐन दमट दिवसांत रंध्याने भसाभस लाकूड काढू नका, नंतर ड्रॉवर खुळखुळेल. दुसरी शक्यता म्हणजे खालच्या पट्ट्या झिजून ड्रॉवर खाली बसलाय. तिथे झिजलेल्या जागी पातळ लाकडी पट्टी चिकटवून उंची भरून काढावी लागते.

टेबलाच्या फळीला तडा गेलाय. लांबी (फटी भरायची पुट्टी) भरून रंगवलं तर?

रंगवल्यावर काही महिने छान दिसेल. मग हवा बदलली की तडा परत उघडेल किंवा भरलेली लांबी दाबाने बाहेर येईल. लाकूड कापून शतक झालं तरी ते हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. रेषेच्या लांबीत त्याने फरक पडत नाही म्हटलं तरी चालेल, पण रुंदीत पडतो. मीटरभर रुंद भरीव फळी वर्षभरात काही मिलिमीटर सहज कमी-जास्त होते. ती खालच्या चौकटीला चारही बाजूंनी गोंदाने किंवा घट्ट स्क्रूंनी जखडली असेल तर तिला हलायला जागा मिळत नाही आणि ती स्वतःलाच फाडून घेते.

म्हणून आधी फळी मोकळी करा. चौकटीतली स्क्रूची भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट करा आणि स्क्रूखाली वॉशर घाला, म्हणजे स्क्रू फळीबरोबर सरकेल. तडा स्वच्छ, सरळ आणि कडा जुळणाऱ्या असतील तर गोंद भरून शिकंजे लावा. कडा जुळत नसतील तर त्याच जातीच्या लाकडाची, रेषा त्याच दिशेची बारीक पाचर कापून चिकटवा आणि रंध्याने सपाट करा. लांबी फक्त केसाएवढ्या फटी आणि खिळ्यांच्या भोकांपुरती ठेवा.

पांढरे गोल, काळे डाग, खड्डे: यांचं काय?

गरम किंवा ओल्या भांड्याचा पांढरा गोल म्हणजे पॉलिशच्या थरात अडकलेला ओलावा. तो लाकडापर्यंत गेलेला नसतो. त्यावर पेट्रोलियम जेली लावून रात्रभर ठेवा. नाही गेला तर वर सुती कापड ठेवून अगदी मंद इस्त्री काही सेकंदच फिरवा, उचला, बघा, परत फिरवा.

काळा डाग वेगळा. तिथे पाणी लाकडात मुरलंय आणि लोखंडाचा अंश लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी मिळून काळा झालाय. पॉलिश काढून ऑक्झॅलिक आम्लाचं द्रावण लावलं की तो फिका पडतो. पण हे आम्ल विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा घाला, नंतर पाण्याने दोन-तीनदा धुवा, आणि न धुतलेल्या पृष्ठभागाला पॉलिश पेपर मारू नका, ती पूड नाकात जाता कामा नये.

भरीव लाकडातला खड्डा, म्हणजे जिथे लाकूड दबलंय पण तुटलेलं नाही, वाफेने वर येतो. पॉलिश काढलेल्या जागी ओलं कापड ठेवून वरून गरम इस्त्री टेकवा. दबलेले तंतू पाणी पिऊन फुगतात. दोन-तीन वेळात खड्डा बराचसा भरतो आणि हे बघायला फार समाधान वाटतं.

लाकडात बारीक भोकं आहेत. कीड जिवंत आहे का?

भोकं म्हणजे भुंगेरे बाहेर पडून गेल्याच्या खुणा. ती वर्षानुवर्षांची जुनी असू शकतात. वस्तूखाली काळा कागद पसरून काही आठवडे ठेवा. त्यावर फिकट, ताजी पूड पडली तर आत अळी काम करतेय. अशी वस्तू इतर लाकडापासून लगेच वेगळी ठेवा. रंग-पॉलिश नसलेल्या बाजूंनी बोरॉनयुक्त लाकूडरक्षक भरपूर लावा. रंगाच्या थरातून ते आत जात नाही. वस्तू लहान असेल तर प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून उणे १८ ते २० अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवली तरी अळ्या मरतात. वाळवीचं प्रकरण निराळं. ती मातीच्या नळ्या करत जमिनीतून किंवा भिंतीतून येते, त्यामुळे फक्त फर्निचरवर औषध मारून काही होत नाही.

नवा रंग द्यायचा तर जुना काढायलाच हवा का?

बऱ्याचदा नाही. जुना रंग घट्ट बसलेला असेल तर तोच उत्तम आधार आहे. ब्लेडने फुलीचा बारीक छेद देऊन त्यावर चिकटपट्टी दाबा आणि झटक्यात ओढा. रंग निघून आला नाही तर फक्त धुवा, घासून चमक मारा आणि पुढे जा. पोपडे येत असतील, थरांवर थर चढून नक्षी बुजली असेल किंवा खालचं लाकूड दाखवायचं असेल तरच सगळा रंग काढा.

इथे एक गोष्ट अगदी मनापासून सांगायची आहे. जुन्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती वापराच्या रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली, पुष्कळ देशांत त्याहून बरीच उशिरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही, आणि सर्वात जास्त धोका लहान मुलांना. वस्तू काही दशकं जुनी असेल आणि रंगाचा इतिहास ठाऊक नसेल तर कोरडं घासू नका, ज्योत किंवा जोरदार गरम हवेचं यंत्रही लावू नका. शिसं तपासायच्या पट्ट्या मिळतात, त्या वापरा. शिसं निघालं तर रंग न खरवडता वरून बंद करणं किंवा हे काम प्रशिक्षित माणसाकडे सोपवणं, हेच शहाणपण.

रंग काढायचं रसायन घेताना डब्यावर मेथिलीन क्लोराइड लिहिलंय का बघा. बंद न्हाणीघरात त्याच्या वाफेने माणसं दगावली आहेत. अमेरिकेत २०१९ साली ग्राहकांसाठी अशा रंगकाढू रसायनांच्या विक्रीवर बंदी आली. त्याविना चालणारी रसायनं हळू काम करतात. करू देत.

जुनं पॉलिश कोणतं आहे, हे घरी कसं कळेल?

न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस मिनिटभर टेकवा. चिकट झालं तर ते लाखेचं, म्हणजे फ्रेंच पॉलिश. काही झालं नाही तर लॅकर थिनर टेकवून बघा. त्याने विरघळलं तर लॅकर, म्हणजे झटपट वाळणारं चकचकीत पॉलिश. दोन्हींना दाद देत नसेल तर तेलाचं वार्निश किंवा पॉलियुरेथेन समजा.

लाखेचं निघालं तर आनंद माना. नवा हात जुन्या थराला किंचित विरघळवून त्यात एकजीव होतो, म्हणून सगळं काढायची गरजच पडत नाही. स्वच्छ करा, हलकं घासा आणि सुती कापडाच्या बोळ्याने पातळ हात देत जा. पॉलियुरेथेन पाणी आणि ओरखड्यांना जास्त टिकतं, पण नवा थर जुन्यात विरघळत नाही आणि मधला भाग खराब झाला की तेवढ्यापुरती दुरुस्ती उठून दिसते. रोज पुसल्या जाणाऱ्या जेवणाच्या टेबलाला पॉलियुरेथेन, बाकी जुन्या वस्तूंना लाख, अशी माझी वाटणी आहे.

पॉलिश पेपर कोणत्या नंबरचा?

नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. जुना थर काढायला ८०, लाकूड सपाट करायला १२०, मग १८०, आणि पॉलिशआधी २२०. दोन हातांच्या मध्ये ३२०. नंबर गाळू नका, ८० चे ओरखडे २२० ने जात नाहीत आणि पॉलिश चढल्यावर ते आणखी ठळक होतात. नेहमी रेषेच्या दिशेने घासा. रंगाखाली १८० पुरे, फार गुळगुळीत पृष्ठभागावर रंगाची पकड कमी होते.

ब्रशच्या खुणा न पडता रंगवायचं कसं?

आधी धुणं. हाताचा मेणचटपणा, जुन्या पॉलिशचं मेण, स्वयंपाकाचा चिकटा राहिला तर कितीही चांगला रंग सुटतो. भांड्यांच्या साबणाचं कोमट पाणी, मग स्वच्छ पाणी, मग पूर्ण वाळवणं. बिजागऱ्या आणि मुठी काढून ठेवा, त्यांच्याभोवती रंगवत बसू नका. पॉलिश पेपर मारल्यावर धूळ किंचित ओलसर कापडाने टिपा आणि प्राइमर, म्हणजे रंगाला पकड देणारा पहिला हात, द्या.

रंग ब्रशच्या एक तृतीयांश केसांपर्यंतच घ्या. आधी खाचा आणि कोपरे, मग सपाट भाग. ओल्या कडेकडून पुढे जात रहा आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने एकाच दिशेने हलका हात फिरवा. त्यानंतर तिथे परत जायचं नाही. रंग बसायला लागल्यावर फिरवलेल्या ब्रशनेच खुणा पडतात. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा नेहमी चांगले. जाड हात वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि ओघळतो.

खडू-रंगाबद्दल (खडूसारख्या मॅट दिसणाऱ्या चॉक पेंटबद्दल) वारंवार विचारलं जातं. हा प्रकार १९९० साली ॲनी स्लोन यांनी आणला. त्याला घासणं आणि प्राइमर फारसं लागत नाही, म्हणून तो लोकप्रिय झाला. पण तो सच्छिद्र असतो, वरून मेण किंवा वार्निश लागतंच. आणि धुणं मात्र त्यालाही चुकत नाही.

पांढरा रंग दिला आणि पिवळे-तपकिरी डाग उमटले.

लाकडातलं टॅनिन किंवा जुना लाकूडरंग पाण्यात विरघळून वर येतोय. आणखी चार हात दिले तरी तो येतच राहणार. मेण काढलेल्या लाखेचा किंवा लाखयुक्त प्राइमरचा एक हात द्या, तो हे रोखतो. गाठींच्या जागी दोन द्या.

सनमायका रंगवता येतो?

येतो, पण तो अत्यंत गुळगुळीत असल्याने रंगाला धरायला काही नसतं. २२० ने सगळी चमक मारा आणि गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा खास प्राइमर लावा. कपाटाच्या दारांना हे टिकतं. रोज भांडी सरकणाऱ्या ओट्याच्या फळीला मी करणार नाही.

लोखंडी खुर्ची-पलंग?

सुटा गंज तारेच्या ब्रशने काढा, थिनरने पुसा आणि त्याच दिवशी गंजरोधक प्राइमर द्या. रात्रभर उघडं ठेवलं तर दमट हवेत पुन्हा गंजाचा बारीक थर येतो. नळीच्या फर्निचरला पायाची टोपणं काढून बघा, पाणी साचून गंज बहुधा तिथूनच सुरू होतो.

वेताच्या खुर्चीची जाळी सैल पडली आहे.

एकही दोरा तुटला नसेल तर खुर्ची उलटी करून जाळीच्या खालच्या बाजूला गरम पाण्याने भिजवलेलं कापड अर्धा तास ठेवा आणि सावलीत वाळू द्या. वाळताना वेत आकसतो आणि जाळी ताणली जाते. वरची चकचकीत बाजू पाणी शोषत नाही, म्हणून खालूनच भिजवायचं. जाळी फाटली असेल तर चौकट बघा. कडेने भोकांची रांग असेल तर हाताने विणावी लागेल. सलग खाच असेल तर तयार विणलेली जाळी भिजवून, खाचेत दाबून, वरून वेताची पट्टी गोंदाने बसवता येते. हे दुसरं काम नवखा माणूसही नीट करू शकतो.

जुन्या दाराचं टेबल, पलंगाचा बाक, कपाटाचं शेल्फ: सुरुवात कुठून करू?

मापापासून. जेवणाचं किंवा लिहायचं टेबल साधारण ७३ ते ७६ सेंटिमीटर उंच असतं, खुर्चीची बैठक ४३ ते ४६. या दोन्हींमधलं अंतर ३० सेंटिमीटरच्या आसपास राहिलं तरच आरामात बसता येतं. दिसायला सुंदर पण गुडघे अडकणारं टेबल कुणी वापरत नाही. दाराचं टेबल करताना दार पोकळ आहे का ते ठोकून बघा. पोकळ दाराच्या मध्यभागी स्क्रू धरत नाहीत, पाय कडेच्या भरीव चौकटीतच लावावे लागतात. नक्षीच्या खोलगट दारावर काच टाकली की लिहिता येतं, नक्षीही दिसते.

शेल्फ करताना फळी वाकण्याचा विचार हवा. तेवढंच वजन ठेवून फळीची लांबी दुप्पट केली तर वाक आठपट होतो. उलट जाडी दुप्पट केली तर वाक आठव्या हिश्श्यावर येतो. १८ मिलिमीटर प्लायवूडवर पुस्तकं ठेवायची असतील तर आधारांमधलं अंतर ८० सेंटिमीटरच्या आतच ठेवा. जास्त हवं असेल तर फळीच्या पुढच्या कडेला चार-पाच सेंटिमीटर रुंदीची भरीव पट्टी उभी चिकटवा. एवढ्याशा पट्टीने फळी कितीतरी ताठ होते.

आणि शक्य तिथे गोंदाऐवजी स्क्रू किंवा बोल्ट वापरा. आज ज्याचा बाक केला त्याचं उद्या आणखी काही करावंसं वाटेल.

मालवाहू पॅलेटचं लाकूड घरात वापरावं का?

शिक्का बघून. आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीच्या चिन्हासोबत प्रक्रियेची अक्षरं असतात. 'एचटी' म्हणजे लाकडाचा गाभा ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलाय, ते घ्यायला हरकत नाही. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी, ते घरात आणू नका. शिक्का नसेल, तेलाचे-रसायनांचे डाग असतील तरीही नको.

जुना पाळणा रंगवून वापरू का?

बाळाला झोपवायला नको. पट्ट्यांमधलं अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर बाळाचं अंग त्यातून सरकून डोकं अडकू शकतं, आणि जुन्या रंगात शिशाची शंका असते ती वेगळी. एक बाजू खाली सरकणारे पाळणे तर अमेरिकेत २०११ पासून विकायलाच बंदी आहे. जुन्या पाळण्याच्या बाजूंपासून मासिकं ठेवायची घडवंची करा. मुलांच्या खोलीतलं कुठलंही उंच कपाट किंवा ड्रॉवरचं कपाट भिंतीला लोखंडी कोनाने (एल-आकाराच्या पट्टीने) पक्कं करा. उघड्या ड्रॉवरवर मूल चढलं की ते पुढे कोसळतं.

तेल लावल्यावर बोळे कुठे टाकायचे?

जवसाच्या किंवा तुंग तेलाने भिजलेला बोळा चुरगळून कचऱ्यात कधीही टाकू नका. ही तेलं वाळताना हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि उष्णता बाहेर पडते. चुरगळलेल्या कापडात ती साठत जाते आणि काही तासांत बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. प्रत्येक कापड उघड्यावर, एकेरी, सपाट पसरून पूर्ण कडक होऊ द्या किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या धातूच्या डब्यात बुडवा. काम संपवून झोपायला जाण्याआधी हे करायचंच.

रंगवलेली वस्तू कधीपासून वापरू?

हाताला वाळलेलं लागणं आणि थर पूर्ण कडक होणं यांत बराच फरक आहे. पाण्यावर आधारित रंग तासा-दोन तासांत हाताला वाळलेला लागतो, पण पुरता घट्ट व्हायला तीन-चार आठवडे घेतो. तोवर वस्तू वापरायला हरकत नाही, मात्र जड वस्तू एका जागी ठेवून देऊ नका, ओलं भांडं टेकवू नका आणि साबणाने पुसू नका. कपाटाची दारं पहिले काही दिवस किंचित उघडी ठेवा, नाहीतर रंगाला रंग चिकटतो. अंगठ्याचं नख न दिसणाऱ्या जागी दाबून बघा. खूण उमटली तर अजून थांबा.